समोरून पाहिलेला स्विंग

अहल्याबाई शिर्क्यांनी गोल्फ शिकायचं मनावर घेतलं तेव्हा घरातली माणसं आधी हसली आणि मग घाबरली. हसली, कारण बाईंनी जन्मात कधी बॅटसुद्धा हातात धरलेली नव्हती. आणि घाबरली, कारण बाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस जाईपर्यंत घरात कुणालाही स्वस्थता मिळत नाही, हा सगळ्यांचा जुना अनुभव होता.

बाई बडोद्याच्या दांडिया बाजाराजवळच्या एका मराठी शाळेत मुलींना व्यायाम शिकवत. खो-खो, लंगडी, लेझीम आणि पंधरा ऑगस्टची कवायत. वडील आखाड्यात शिकवायचे, त्यामुळे शिकवणं रक्तातच होतं, आणि आवाज असा की मैदानाच्या एका टोकाला "सावधान" म्हटलं की रस्त्यावरचा भाजीचा लारीवालासुद्धा तराजू खाली ठेवून ताठ उभा राहायचा. पण अठ्ठ्याण्णव साल उजाडलं तोवर ताठ उभं राहायला मुलीच उरल्या नव्हत्या. ज्यांना बाईंनी लेझीम शिकवलं त्या आता आया झाल्या होत्या आणि आपल्या लेकरांना इंग्रजी शाळेत घालत होत्या. खंडेराव मार्केटात भेटल्या की "बाई, तुमच्यासारखं आता कुणी शिकवत नाही हो," असं म्हणत वाकून नमस्कार करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकराला स्कूलबसमध्ये चढवायच्या. आता याला काय म्हणावं! शाळेतल्या तुकड्या एकेक करून मिटत गेल्या, आणि त्या जानेवारीत मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, की जूनपासून व्यायामाचे तास बंद. नोकरी जाणार नव्हती. बाईंना कचेरीत टेबल मिळणार होतं.

"पंखा आहे, बाई. आता उन्हातान्हात उभं राहायला नको," मुख्याध्यापक म्हणाले. बिचाऱ्यांना वाटत होतं, आपण चांगली बातमी देतोय.

बाई घरी आल्या त्या पर्स पलंगावर भिरकावूनच. कचेरीची एकुलती एक खिडकी गल्लीत उघडायची, मैदानाकडे पाठ करून. पोरींच्या धापा, धूळ, शिट्टी, "बाई, हिनं खो दिलाच नाही!" ही भांडणं, यांतलं काहीही तिथे ऐकू येणार नव्हतं.

"अगं, पण पंखा..." प्रतापरावांनी सुरुवात केली. ते रिफायनरीत सुपरवायझर होते, शिफ्ट करून दमून आलेले, स्वभावाने गरीब. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि चहा ठेवायला उठले.

"मला टेबलाशी बसवायचं असेल तर मी मेल्यावर बसवा," बाई म्हणाल्या आणि मग एकदम रडल्या. रडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे त्यांना ते नीट जमलंही नाही.

वर्तमानपत्रातली जाहिरात शोधून काढली ती मुलीने, ऋचाने. ती कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आईचं रडणं तिला अजिबात सोसवलं नव्हतं. गोत्रीच्या पुढे, जिथे कालपरवापर्यंत शेतं होती आणि आता सोसायट्या उभ्या राहत होत्या, तिथे एक नवी इंग्रजी शाळा निघाली होती. त्यांना खेळाच्या शिक्षिका हव्या होत्या. बाईंनी लूनाला किक मारली आणि इस्त्रीच्या साडीला धूळ लागू नये म्हणून पदर खोचून त्या गोत्रीला गेल्या.

प्रिन्सिपल नीरजाबेन मेहता चाळिशीच्या, चटपटीत, खरं बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पाणी दिलं, सर्टिफिकिटं पाहिली आणि गुजराती वळणाच्या हिंदीत विचारलं, "इंग्लिश का क्या?"

"ग्राउंडपर सीटी चलती है," बाई म्हणाल्या.

नीरजाबेन खळखळून हसल्या. मग त्यांनी टेबलावरचं रंगीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. पोहणं, घोडेस्वारी, कॉम्प्युटर, आणि शेवटी हिरव्या गवतावर काठी उगारलेला एक गोरा मुलगा. "अहल्याबेन, खो-खो सरस छे, लेझीम पण सरस. पण ट्रस्टीसाहेबांनी हे गोल्फ छापून बसवलंय. पालक रोज विचारतात. अमदावादहून एक कोच येणार होता, तो नुसता येतो-येतो करतो. पोरांसाठी छोट्या काठ्या येऊन पडल्यात. तुम्हाला येतं?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. ते दिलं असतं तर बाई परत लूनावर बसून घरी आल्या असत्या आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

"आज नाही येत," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत शिकते."

नीरजाबेनने त्यांच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. "मेमध्ये समर कॅम्प आहे. पहिल्या दिवशी आईबाप येणार, ट्रस्टीसाहेब येणार. त्यांच्यादेखत तुम्ही गोल्फचा तास घ्यायचा. जमलं तर जूनपासून इथे या. नाही जमलं तर माझ्या हातात काही नाही, हां?"

असा सौदा झाला. घरी येऊन बाईंनी तो सांगितला, आणि तेव्हा ते हसणं आणि घाबरणं झालं.

आता गोल्फ शिकायचं कुठे? बडोद्यात राजवाड्याच्या आवारात मैदान आहे, पण तिथे पाय ठेवायला सभासद असावं लागतं आणि ते शिर्क्यांच्या घरातलं काम नव्हे. मात्र बडोद्यात मराठी शाळेतल्या बाईला कुठल्याही फाटकावर एखादी जुनी विद्यार्थिनी नाहीतर तिचा बाप भेटतोच. इथे बाप भेटला. फाटकावरच्या पहारेकऱ्याची थोरली बाईंच्या लेझीम पथकात पहिल्या रांगेत असायची. त्याने कुठल्यातरी साहेबांना विचारलं आणि बाईंना एका अटीवर आत सोडलं, की सरावाच्या जागेच्या टोकाला कडुलिंबाखाली बाक आहे, तिथे बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही.

"बोलायचं नाही" हे बाईंना किती जड गेलं असेल ते त्यांच्या ओळखीच्यांनाच कळेल. पण त्या बसल्या. रोज सकाळी शाळेआधी, डब्यात दोन ठेपले घेऊन.

सरावाच्या जागी खेळणारे एकामागे एक असे ओळीने उभे राहत आणि चेंडू शेजारच्या मोकळ्या मैदानात मारत. बाक ओळीच्या टोकाला, त्यामुळे सगळ्यांची तोंडं बाईंकडे. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाईंनी एक गोष्ट हेरली. टोप्या, हातमोजे, रंगीत बूट यांवरून खेळ ओळखायचा नाही. मकरपुऱ्यात कारखाने काढून नुकतेच वर आलेले काही तरणेबांड साहेब होते, त्यांची काठी चाबकासारखी सुटायची आणि चेंडू मात्र चार हातांवर जाऊन मुकाट बसायचा. कुणाची मान चेंडूच्या आधी वर, कुणाचं कोपर मुडपलेलं, कुणी श्वास इतका कोंडून धरायचा की बाईंनाच गुदमरायला व्हायचं. ओरडून सांगावंसं वाटे, आणि अट आठवून त्या ठेपल्याचा घास घेत.

आणि मग होते विश्वासराव. साठी उलटलेली, अंगाने काटकुळे, डोक्यावर धुवून धुवून विटलेली पांढरी टोपी. जुन्या संस्थानी घराण्यातले, इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. बाकाला सगळ्यांत जवळची जागा त्यांची. ते कुठेच घाई करत नसत. काठी मागे न्यायचे ती जणू कुणाला तरी धरायला देतायत अशी सावकाश. वर गेली की क्षणभर सगळं थांबायचं. आणि मग, इथेच खरी गंमत होती, हात खाली यायच्या आधी गुडघा हलायचा. गुडघ्यामागून कंबर, कंबरेमागून खांदा, आणि हात सगळ्यांत शेवटी, आपसूक. डोकं जागचं ढळायचं नाही. "टक्" असा एक कोरडा, गोड आवाज यायचा, आणि चेंडू कुठे गेला ते बघायला बाईंना मान दुखेपर्यंत वळावं लागे.

"अहो, हे तर आखाड्यातलं मुद्गल फिरवणं आहे," त्या रात्री जेवताना बाई प्रतापरावांना म्हणाल्या. "बाबा सांगायचे, हाताने फिरवशील तर खांदा जाईल, पायाने फिरव. अगदी तेच. फक्त शहाण्यांनी त्याला स्विंग असं इंग्रजी नाव दिलंय."

बाईंनी बाकी सगळ्यांना सोडून दिलं आणि विश्वासरावांना धरलं. ते यायचे त्या दिवशी डोळ्यांची पापणी न लववता पाहायचं. न यायचे त्या दिवशी वाईट खेळणाऱ्यांना पाहायचं आणि ते नेमके कुठे बिघडतात ते ताडायचं. शिक्षिकेच्या डोळ्याने त्यांनी त्या सगळ्या हालचालीचे चार तुकडे पाडले. एक, मागे नेणं. दोन, वर थांबणं. तीन, गुडघा आणि कंबर. चार, सोडून देणं. संध्याकाळी गच्चीवर प्रतापरावांची जुनी छत्री टोकाकडून धरून त्या हेच घोटत. खालचा हात डावा घेताना आधी फार अवघडल्यासारखं झालं, पण कुठली नवी कवायत पहिल्या दिवशी सोपी वाटते? त्यांनी दामटून सवय केली. हळूहळू छत्रीला हवेत एक सूर सापडला. शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या मंजुबेन हे रोज पाहत. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अहल्याबेन, शुं करो छो? मच्छर मारो छो?"

"हो ने! मोटा मच्छर छे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा छत्री वर नेली.

मार्च गेला, एप्रिल तापला. बाईंचा आत्मविश्वास इतका वाढला की ऋचाला काळजी वाटायला लागली. आणि कॅम्प आठवड्यावर आला असताना एका सकाळी विश्वासरावांनी खेळता खेळता टोपी काढून घाम पुसला आणि सरळ बाकाकडे चालत आले.

"इतके दिवस पाहतोय. कुणाला आणत नाही, कुणाला न्यायला येत नाही. नुसत्या बघत बसता. काय बघता एवढं?"

बाईंना वाटलं आता उठवतात. त्या उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. शाळा, टेबल, पंखा, गोत्री, समर कॅम्प. विश्वासराव ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते कौतुक होतं.

"म्हणजे माझ्यावरून शिकलात? मग या की, दाखवा." आणि त्यांनी आपल्या हातातली काठी पुढे केली.

बाईंनी पदर खोचला. चप्पल बाजूला काढली. पाय रोवले, काठी धरली, आणि खाली पाहिलं. काठीचं लोखंडी पातं उलट्या बाजूला तोंड करून बसलं होतं. त्यांनी ती फिरवून पाहिली, तर टोक जमिनीत रुतायला लागलं. छत्रीला असं तोंड-पाठ काही नव्हतंच. त्यांनी गोंधळून वर पाहिलं.

"चेंडू राहू द्या. नुसती फिरवा," विश्वासराव म्हणाले.

बाईंनी फिरवली. एक, दोन, तीन, चार. विश्वासराव पाहतच राहिले, आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, हा स्विंग माझा आहे. सोळा आणे माझा आहे. पण उलटा! तुम्ही डाव्या हाताने खेळताय."

बाईंनी हातातल्या काठीकडे पाहिलं. त्यांना सांगावं लागलं नाही, सगळं आपोआप उलगडलं. आखाड्यात शिकलेलं अंग त्यांचं. रांगेत उभं राहायचं, समोरच्याकडे पाहायचं, आणि त्याचा हात आपल्याला ज्या बाजूला जाताना दिसतो त्याच बाजूला आपला न्यायचा. डावं-उजवं असा विचारही करायचा नाही, विचार केला की ताल चुकतो. लहानपणापासून हेच केलेलं. विश्वासराव समोर होते. ते काठी बाईंच्या डावीकडे नेत, म्हणून बाईंनी डावीकडे नेली. दोन महिने, रोज, जीव ओतून नेली.

पलीकडचे दोन साहेब हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. विश्वासरावांनी त्यांच्याकडे एकदा नुसतं पाहिलं आणि ते आपापल्या चेंडूंकडे वळले.

"डाव्या हाताच्या काठ्या मिळत नाहीत?" बाईंनी विचारलं.

"मिळतात. पण इथे मी तरी पाहिल्या नाहीत. आणि पोरांना काय, उजव्याच देणार ना?"

तरीही त्या अलकापुरीतल्या खेळांच्या दुकानात जाऊन आल्याच. दुकानदाराने काचेच्या कपाटातल्या काठ्या दाखवल्या. सगळ्या उजव्या. "बेन, अहीं लेफ्टी कोण रमे?" तो म्हणाला, म्हणजे इथे डाव्या हाताने खेळतंय कोण. बाईंच्या मनात आलं, हे बघ, तुझ्यासमोर उभी आहे. पण त्या तशाच पायऱ्या उतरल्या.

मग त्यांनी अंग उलटं करायचा सपाटा लावला. उजवा हात खाली, डावा वर, काठी उजवीकडे. पण इतक्या मेहनतीने बसवलेलं अंग असं एका रात्रीत ऐकतं थोडंच! गुडघा भलत्या वेळी हले, कोपर मुडपे, मान आधी वर. ज्या साहेबांना पाहून त्या मनातल्या मनात चरफडत, अगदी तसं दिसायला लागलं. त्यातून आणखी एक झालं, आधीचं चांगलंही डळमळायला लागलं. प्रतापराव गच्चीच्या दारात येऊन उभे राहत. एकदाच म्हणाले, "सांगून टाक त्यांना, नाही जमत म्हणून. त्यात कमीपणा नाही." त्यांनी मायेने म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते बाईंना जास्त लागलं. त्यांना त्या रात्री पहिल्यांदा ते टेबल स्पष्ट दिसलं. त्यावरचा टाचण्यांचा डबासुद्धा दिसला.

कॅम्पच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ऋचाला गच्चीवर ओढलं. "समोर उभी राहा आणि कुठे चुकतंय ते सांग."

"मला काय कळतंय त्यातलं, आई?"

"वाकडं दिसेल ते सांग."

ऋचा वाळवणावरची काठी टेकून उभी राहिली. बाईंनी उजव्या बाजूने तीन-चारदा फिरवली. वाकडं दिसत होतंच, ऋचाने तसं सांगितलंही. मग बाईंचा ताबा सुटला. "खड्ड्यात गेलं!" म्हणत त्यांनी हात बदलले आणि केवळ अंगाला बरं वाटावं म्हणून आपला जुना, डावा स्विंग सुरू केला. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. कंटाळलेल्या ऋचाने चेष्टा म्हणून हातातली काठी उचलली आणि आईबरोबर फिरवायला लागली.

बाई मध्येच थबकल्या.

"पुन्हा कर."

"अगं, मी गंमत..."

"पुन्हा कर म्हणते ना! माझ्याकडे बघ आणि कर."

दोघींनी पुन्हा केलं. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. समोर विश्वासराव होते. पंजाबी ड्रेस घातलेले, वेणी घातलेले, पण विश्वासरावच. काठी सावकाश मागे, वर क्षणभर थांबलेली, गुडघा आधी, हात शेवटी. उजव्या हाताचा, सरळ स्विंग. बाकावरून रोज दिसायचं ते चित्र जसंच्या तसं समोर उभं होतं.

आखाड्यात बाईंचे बाबा रांगेकडे तोंड करून उभे राहत, "उजवा हात वर" म्हणत आणि स्वतः डावा वर करत. पोरांचा गोंधळ होऊ नये म्हणून. बाई स्वतः लेझीम शिकवताना इतकी वर्षं हेच करत आल्या होत्या. शिकवणाऱ्याने उलटं करायचं, म्हणजे शिकणाऱ्याचं सुलटं होतं. त्या खेळाडू व्हायला गेल्याच नव्हत्या. त्यांना शिकवायचं होतं, आणि शिकवायला जे लागतं नेमकं तेच त्यांच्या अंगात बसलं होतं.

"आई, रडतेस काय?"

"गप. पुन्हा कर," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोत्रीच्या शाळेच्या मैदानावर शामियाना होता, आणि त्याखाली आया, बाप, आज्या, थंडगार सरबत. ट्रस्टीसाहेब मधल्या खुर्चीत. पोरं सहा-सात वर्षांपासून बारा-तेरापर्यंतची, नव्या टोप्या घातलेली, हातात छोट्या काठ्या घेऊन एकमेकांच्या पोटऱ्यांवर मारणारी. बाईंनी शिट्टी फुंकली. सगळं मैदान चूप झालं, सरबत देणारासुद्धा.

पोरांना त्यांनी एकामागे एक, हातभर काठी फिरेल इतक्या अंतरावर, जरा तिरक्या ओळीत उभं केलं, म्हणजे प्रत्येकाला बाई दिसतील आणि चेंडू सगळे एकाच बाजूला, मोकळ्या मैदानात जातील. आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या, छत्री घेऊन.

"बेन, पहेला तमे एक मारीने बतावो ने," ट्रस्टीसाहेब खुर्चीतून म्हणाले. गोड आवाजात म्हणाले, पण शामियान्यातल्या सगळ्या माना वळल्या. नीरजाबेन खाली पाहायला लागल्या.

बाईंना थाप मारता आली असती. खांदा दुखतोय, काठी लहान आहे, काहीही. पण पोरांसमोर त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"मी मारू शकत नाही, साहेब," त्या हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आजवर एकही चेंडू मारलेला नाही. मी एका चांगल्या खेळणाऱ्याला समोर बसून पाहिलं, म्हणून माझं सगळं उलटं बसलं. पण ही पोरं मला समोरून बघणार आहेत. तुम्ही माझ्याकडे नका बघू. त्यांच्याकडे बघा."

शामियान्यात कुजबुज झाली. ट्रस्टीसाहेबांनी नीरजाबेनकडे पाहिलं, आणि नीरजाबेनने, देव त्यांचं भलं करो, मान हलवून "चालू करा" अशी खूण केली.

ऋचाने आईकडून "वन, टू, थ्री, फोर" पाठ करून घेतलं होतं. पण ऐनवेळी बाईंच्या तोंडून निघालं ते "एक". मग "दोऽऽन", लांबवलेलं, कारण वर थांबायचं असतं. मग "तीन", आणि "चार". पोरांना मराठी येत नव्हतं, पण हात कुठे न्यायचे ते दिसत होतं. आधी चेंडूशिवाय. बाई ओळीतून फिरत नव्हत्या, कुणाचं मनगट धरत नव्हत्या, फक्त समोर उभं राहून पुन्हा पुन्हा करत होत्या आणि ओरडत होत्या, "गुडघा! अरे लाल टोपी, गुडघा आधी!" ऊन चढत होतं. तिरकी ओळ हळूहळू एका लयीत आली.

मग चेंडू ठेवले. पहिल्या फेरीत माती उडाली. दुसऱ्या फेरीत एका पोराची काठीच उडाली आणि शामियान्यात हशा पिकला. बाईंच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. त्यांनी शामियान्याकडे पाहिलं नाही.

"एक," त्या म्हणाल्या. "दोऽऽन. तीन. चार."

ओळीच्या मधोमध एक बारकीशी, दात पडलेली मुलगी होती. तिच्या काठीतून "टक्" असा आवाज आला. कोरडा, गोड. चेंडू उठला आणि कुंपणाजवळच्या बाभळीपर्यंत गेला. मुलगी स्वतःच दचकली आणि काठीकडे पाहायला लागली. बाई छत्री धरून जागच्या जागी उभ्या होत्या. तो त्यांचा स्विंग होता. त्यांनी तो पोटच्या पोरीसारखा ओळखला, आणि तो पहिल्यांदा चेंडूला लागलेला त्यांनी असा समोरून पाहिला. मग आणखी एक "टक्" झाला, मग मागून एक. सगळ्यांना जमलं असं मुळीच नाही, अर्ध्याहून जास्त पोरं अजून मातीच उकरत होती. पण आया उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि ट्रस्टीसाहेबांच्या हातातलं सरबत तसंच राहिलं होतं.

नीरजाबेन चालत बाईंच्या जवळ आल्या. "जूनची वाट बघू नका. कॅम्प पूर्ण तुम्हीच घ्या," त्या हलकेच म्हणाल्या. "आणि खो-खोसाठी जागा कुठे आखायची ते पण सांगा."

बाईंनी छत्रीच्या टोकाने बाभळीकडची मोकळी जागा दाखवली. तेवढ्यात मागे त्या दात पडलेल्या मुलीची आई तिला पाणी पाजायला आली होती. मुलगी पाणी पीत नव्हती. काठी वर नेऊन ती एकटीच म्हणत होती, "एक, दोऽऽन..."

"बेटा, दोन नहीं," आई हसत म्हणाली. "बे."

"मॅडम तो दोन बोले छे," मुलगी म्हणाली. तिने काठी वर तशीच धरून ठेवली, पुरता वेळ थांबली आणि मग गुडघा हलवला.

तिच्या मागच्या पोरानेही "दोन" म्हटलं, मग त्याच्या मागच्याने. मराठी शाळेच्या मैदानावर गेली काही वर्षं विरळ होत चाललेला तो आकडा इथे गोत्रीत, ज्या पोरांच्या घरी मराठीचा शब्दही नव्हता त्यांच्या तोंडून, ओळभर ऐकू येत होता. अहल्याबाईंनी पदराने नाक पुसलं, शिट्टी तोंडात धरली आणि दुसरी ओळ उभी केली.